चिलापीच्या पोटातली फणसाची भाजी

"अंडी सापडली?" फोनवर सबनीस सरांचा आवाज एकदम चढला. "किती?"

"अकरा चिलापींच्या पोटात मिळून, सर. पण..."

"पण काय? हेच तर हवंय आपल्याला! काळुंदराचीच ना?"

"कोंबडीची, सर. उकडलेली."

बूथवाला हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिला.

"माळवदे," सर म्हणाले, "तुम्ही डबा खात खात काम करता का?"

"नाही सर. काल फणसाची भाजी होती. त्याआधी वालाची उसळ. कुठल्या रकान्यात लिहू?"

"अन्य," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मला तेव्हा तेवीस वर्षं पूर्ण झाली होती. मी मूळची बार्शीची. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाले होते, पण समुद्र पाहिला होता तो फक्त शाळेच्या सहलीत. सबनीस सरांच्या संस्थेने मला सहा महिन्यांसाठी खारवणे गावच्या खाडीवर पाठवलं होतं. काम एकच होतं, चिलापी काय खाते ते शोधायचं.

चिलापी हा मासा तिथला नव्हे. वरच्या अंगाला कुणीतरी तळी खोदून तो पाळला होता. एका पुरात तळ्यांचे बांध फुटले आणि चिलापी खाडीत उतरली. खारं पाणी तिला मानवलं, इतकं की चार वर्षांत जाळ्यात दुसरं काही येईना. कोळी म्हणत, ही आमच्या काळुंदराची अंडी खाते. काळुंदर हा इथलाच मासा, तो दगडांना, खुंटांना अंडी चिकटवतो आणि राखण करतो, पण चिलापी झुंडीने येऊन सगळं साफ करते. सरकारी कार्यालय म्हणे, पुरावा द्या. तो पुरावा मी गोळा करत होते. खाडीत तीन जागा ठरवल्या होत्या. तिथे रोज एखाद्या कोळ्याकडून पाग, म्हणजे फेकायची जाळी, टाकून घ्यायची, मासे चिरायचे, पोटातला ऐवज बशीत काढायचा, मोजायचा, बाटलीत भरून चिठ्ठी लावायची. गावात माझं नाव पडलं होतं पोटवाली बाय.

केंद्र क्रमांक तीन म्हणजे गावचा लाकडी धक्का. त्याच धक्क्यावर सात दिवसांपासून मांडव होता आणि मांडवावर फळा होता: 'चिलापी हटाव, काळुंदर बचाव. बाबल तांडेल यांचे आमरण उपोषण.'

बाबलकाका म्हणजे माझे घरमालकच. त्यांच्या पडवीतल्या खोलीत मी राहायचे आणि त्यांच्या बायकोच्या, सगुणाकाकीच्या हातचं जेवायचे. मी शाकाहारी म्हटल्यावर काकीने पहिल्या दिवशी माझ्याकडे एखाद्या आजारी माणसाकडे बघावं तसं बघितलं होतं, पण दुसऱ्या दिवसापासून घरात माझ्यासाठी रोज एक भाजी वेगळी शिजायला लागली. तीच भाजी काकांच्या डब्यातही जायची.

हो, डब्यात. उपोषणाचं हे गुपित सगळ्या गावाला माहीत होतं. बैठकीत मच्छीमार समितीचा सेक्रेटरी गुरुनाथ सगळ्यांसमोर म्हणाला होता, "आमरण म्हणजे कागदावर आमरण. बाबलकाकांचं वय बासष्ट. त्यांना काही झालं तर आपल्याला दुसरा माणूस कुठून मिळणार?" मग ठरलं. रोज दुपारी एकला मांडवाची ताडपत्री खाली सोडायची. आत 'विश्रांती'. काकीने मागच्या बाजूने डबा सरकवायचा आणि वीस मिनिटांत रिकामा न्यायचा. बंदोबस्ताला आलेले हवालदार शेट्ये त्या वेळात खाडीकडे तोंड करून उभे राहायचे.

"मला वीस मिनिटं काही दिसत नाही," ते मला म्हणाले होते. "पण एकविसाव्या मिनिटाला मी वळणार. कायदा आहे."

काकी रिकामा डबा घेऊन घरी यायची आणि तिन्ही पुडं मला उघडून दाखवायची.

"बघ गे बाय, बोटान पुसून खाल्ल्यान. घरात कधी असो जेवलो नाय." मग ती स्वतःचं ताट वाढून घ्यायची. तिला शुगर होती. डॉक्टरने वेळेवर जेवायला बजावलं होतं. पण लग्नाला चाळीस वर्षं झाली तरी नवऱ्याच्या आधी ती एकदाही जेवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी केंद्र तीनच्या चिलापींच्या पोटात मला पिवळा भात सापडला, तेव्हा वाटलं की काका डबा विसळून पाणी खाली टाकत असतील. तिसऱ्या दिवशी उसळीचे वाल निघाले. रोज दुपारी एक वाजला की धक्क्याखाली पाणी नुसतं उसळायचं, शेकडो चिलापी फळ्यांखाली गर्दी करायच्या. गुरुनाथने त्याचाही उपयोग करून घेतला. माइकवरून म्हणाला, "बंधुभगिनींनो, आपल्या आंदोलनाची दखल शत्रूनेही घेतली आहे!"

सातव्या दिवशीच्या त्या फोननंतर मी धक्क्यावर परत आले आणि अकरा बाटल्या पुन्हा उघडल्या. पांढऱ्या ट्रेमध्ये पांढऱ्याचे तुकडे एका बाजूला, पिवळ्याचे दुसऱ्या बाजूला लावत गेले. सकाळी काकीने माझ्यासमोरच दोन अंडी सोलली होती. "ताकद येवक होयी," असं म्हणत त्यांना मीठ लावलं होतं. ट्रेमध्ये जवळजवळ दोन अंडी जमली. मग मी कालच्या बाटल्या काढल्या, परवाच्या काढल्या. फणसाची भाजी मी स्वतः खाल्ली होती, त्यामुळे तिच्या फोडी ओळखायला सूक्ष्मदर्शक लागला नाही.

डबा विसळताना दोन अख्खी अंडी वाहून जात नाहीत.

मी ट्रे उचलला आणि उन्हासाठी पुन्हा सोडलेली ताडपत्री बाजूला करून आत गेले.

काका कुशीवर पडले होते. चेहरा सुजलेला, ओठ पांढरे. गाव म्हणत होतं, उपोषणात बाबल गुटगुटीत झाला. जवळून बघितल्यावर कळलं, गालावर बोट ठेवलं असतं तर खळगा पडला असता.

"कोण? पोटवाली बाय? आज काय गावला पोटात?"

हे ते मला रोज विचारायचे. मी ट्रे त्यांच्यासमोर ठेवला.

"दोन अंडी. तुमची."

त्यांनी बराच वेळ बघितलं. मग खरंच कौतुक वाटल्यासारखे म्हणाले, "सगळी गावली? शाबास गो."

"काका, सात दिवस तुम्ही काहीच खाल्लेलं नाही?"

"पाणी पितंय मगे. मीठ घालून. लिंबू पिळून."

"पण का? सगळ्यांनी मिळून ठरवलंय ना?"

"भायर फळ्यार काय लिवला हा?"

"आमरण उपोषण."

"आणि नाव कोणाचा?"

"तुमचं."

"मग?" एवढं म्हणून ते दमले. थोड्या वेळाने पुढे बोलले. "पयल्या दिवसा डबो उघडलंय. घास हातात घेतलंय. आणि भायर गुरुनाथ माइकार सांगत होतो, बाबल तांडेल अन्नाचो कण घेवचे नाय. माझा नाव आयकलंय आणि घास तोंडात जायना. फळीच्या फटीतसून खाली सोडलंय. दुसऱ्या दिवसा तसाच झाला."

"मग निदान काकीला सांगा."

ते एकदम कोपरावर उठले. "नाय! तिका सांगशीत तर माझी शपथ. डबो भरलेलो परत गेलो तर ती जेवची नाय. तिका शुगर. उपास माझो, तिका कित्याक?"

मग मला एकदम सुचलं. मी मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटली.

"बरं, मग हे ऐका. एक आणि दोन नंबरच्या जागी चिलापींच्या पोटात रोज काळुंदराची अंडी निघतात. इथे सात दिवसांत एक निघालेलं नाही. धक्क्याच्या खुंटांना काळुंदराची अंडी चिकटलेली आहेत, मी बघितली. कुणी तोंड लावत नाही. लावतील कशाला? उसळ खाऊन गच्च झाल्यात त्या. माझ्या अहवालात येणार, चिलापी निरुपद्रवी आहे, ती भात खाते. काका, तुमच्या उपोषणाने तुमचीच केस पडणार आहे."

मी त्यांना घाबरलेलं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"म्हणजे मी... मी तेंका पोसतंय?"

"रोज. वेळेवर."

आता खातील, मला वाटलं. नाइलाजाने का होईना, खातील. त्यांनी डोळे मिटले आणि खूप विचार केला. मग ताडपत्रीकडे तोंड करून हाक मारली.

"शेट्येनू! जरा हय येवा."

हवालदार आत आले. काकांनी त्यांना सगळं सांगितलं. शेट्यांचं तोंड उघडं राहिलं ते शेवटपर्यंत.

"म्हणजे उद्यापासून तुमचा डबा मी खायचा? ऑन ड्युटी? उपोषणकर्त्याचा?"

"पाण्यात टाकूक गावना नाय, परत धाडूक गावना नाय. तुमी वीस मिन्टां पाठ फिरवतास ना? पाठ फिरवून खावा."

"हा गुन्हा आहे का काय आहे तेच मला कळत नाहीये," शेट्ये माझ्याकडे बघून म्हणाले. पण सात दिवस ते टपरीवरच्या वड्यांवर होते. आठव्या दिवशी एक वाजता त्यांनी खाडीकडे तोंड करून कुळथाची पिठी आणि भात खाल्ला. पहिल्या घासाला डोळे मिटले, हे मी मासे चिरायच्या माझ्या फळीपाशी बसून पाहिलं.

धक्क्याखाली चिलापी जमल्या, ताटकळल्या. पावणेदोनला पांगल्या. दोन वाजता मी पाग टाकून घेतली तेव्हा पोटांत काळुंदराची अंडी निघाली. मोजून एकशे चौदा. सबनीस सरांना फोन केला तर ते खूश होऊन म्हणाले, "बघा माळवदे, नीट काम केलं की कसं होतं!"

नवव्या दिवशी काकांना मान धरता येईना. गुरुनाथ माइकवर सांगत होता, नेत्याच्या चेहऱ्यावर नऊ दिवसांनंतरही तेज आहे. तालुक्याहून एक कारकून येऊन गेला. त्याने लांबूनच सुजलेला चेहरा बघितला, शेट्यांना डोळा मारला आणि चहा पिऊन निघून गेला. मी गुरुनाथला गाठून म्हटलं, काका खरंच उपाशी आहेत. तो हसला. "मॅडम, मला पण सांगता? डबा मी स्वतः बघतो की रिकामा जाताना." शेट्यांना म्हटलं, तुम्ही सांगा. त्यांनी टोपी काढली, पुसली, परत घातली. "सांगतो. पण कुणी खाल्लं विचारलं की काय सांगू?"

म्हणून मी शपथ मोडली.

काकी चुलीपुढे बसून त्या दिवशीचा डबा भरत होती. मी दारात उभी राहूनच सगळं सांगितलं. तिने पळी खाली ठेवली.

"अंडी?"

"माशांनी खाल्ली."

"फणसाची भाजी?"

"माशांनी."

"काल पिठी धाडलेलंय. कोकम घालून."

"शेट्यांनी."

काकीने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग विचारलं, "बरी झाली म्हणालो काय, शेट्यो?"

"डोळे मिटून खाल्ली, काकी."

तिने मान हलवली. पदराने तोंड पुसलं. डबा उचलला आणि म्हणाली, "चल."

धक्क्यावर पोचलो तेव्हा ताडपत्री नुकतीच खाली सोडली होती. काकी मागच्या बाजूने गेली नाही. पुढून गेली, ताडपत्री गुंडाळून वर बांधली आणि सगळ्या गावासमोर नवऱ्याच्या पुढ्यात मांडी घालून बसली. काकांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी खाली बघितलं.

काकीने डबा उघडला. भात कालवला आणि पहिला घास स्वतःच्या तोंडात घातला.

ती जेवत होती. सावकाश, एक एक घास. डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण हात थांबला नाही. तिन्ही पुडं संपली तेव्हा ती पाणी प्यायली आणि म्हणाली, "मी जेवलंय. बघलास? आता तुका होयो तितको उपाशी रव. पन माका फसवू नको."

काकांनी रिकाम्या डब्याकडे हात नेला.

मग ती उठली आणि गुरुनाथच्या हातातून माइक काढून घेतला. तिने माइक कधी धरला नव्हता, तो उलटा धरला होता. शेट्यांनी तो तिच्या हातात सुलटा करून दिला.

"आज नववो दिस," काकी म्हणाली. "माझ्या घोवान कायच खाल्लेला नाय. तुमी सगळे समजत होतास खाता. मी पन. तो खरोच मरता हा."

भोंगा थोडा वेळ शिट्टी वाजवत राहिला. गुरुनाथ धावत काकांजवळ गेला, त्यांचा हात हातात घेतला आणि त्याचा चेहरा उतरला. कुणीतरी सायकल काढली, कुणीतरी बूथकडे पळालं. नऊ दिवस ज्यांना यायला सवड नव्हती ते प्रांतसाहेब दोन तासांत जीपने आले, मागे रुग्णवाहिका घेऊन.

पण साहेब सहजासहजी विश्वास ठेवणारे नव्हते. "रोज जेवण येत होतं असं माझ्याकडे लेखी आहे. ते जेवण या माणसाच्या पोटात गेलं नाही याला पुरावा?"

मी बाटल्यांची पेटी आणली. धक्क्यावर टेबल मांडलं गेलं. साहेबांनी एक एक बाटली उन्हात धरून बघितली आणि चिठ्ठी मोठ्याने वाचली. "केंद्र तीन, दिवस दुसरा, भात. दिवस तिसरा, वाल. दिवस सहावा, फणस... हे शास्त्रीय आहे?"

"आहे, सर. प्रत्येक माशाचं वजनही लिहिलंय."

"आणि स्वयंपाक कोणी केला होता?"

"मी," काकी म्हणाली. तिने बाटल्या हातात घेऊन ओळख पटवली. फणसाच्या बाटलीचं झाकण उघडून वास घ्यायला गेली आणि औषधाच्या भपकाऱ्याने ठसकली. कारकुनाने लिहून घेतलं: सदर भाजी आपलीच असल्याचे श्रीमती सगुणा तांडेल यांनी ओळखले.

"आठव्या दिवसाच्या जेवणाची बाटली कुठाय?" साहेबांनी विचारलं. "त्या दिवशीचं जेवण कुणी खाल्लं?"

शेट्ये एक पाऊल पुढे आले आणि त्यांनी कडक सलाम ठोकला.

"मी, साहेब."

"ड्युटीवर?"

"होय साहेब. पाठ फिरवून."

साहेबांनी चष्मा काढला. हसावं की ओरडावं हे त्यांना ठरवता येत नव्हतं, आम्हालाही. मग त्यांची नजर काकांवर गेली. काका त्या सगळ्या गोंधळात मान कलती करून कागदाकडे बघत होते, नुसते बघत होते. साहेबांनी चष्मा परत लावला आणि कारकुनाला म्हणाले, "लिही. उपोषणकर्त्याने नऊ दिवस अन्न घेतलेले नाही. अन्न माशांनी घेतले." ती ओळ लिहून झाल्यावर पुढे, "व एका शासकीय कर्मचाऱ्याने."

लेखी आश्वासन त्याच टेबलावर झालं. वरच्या तळ्यांच्या तोंडांना जाळ्या, चिलापी काढायच्या मोहिमेला मंजुरी. काकांनी कागद स्वतः वाचायला मागितला. शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, तेव्हाच रुग्णवाहिकेत झोपायला तयार झाले.

जाळ्या पावसाळ्यानंतर लागल्या. चिलापी काही संपली नाही, आजही आहे, पण काळुंदर पुन्हा बाजारात दिसतो असं गुरुनाथने मध्यंतरी फोनवर सांगितलं. शेट्यांना एक मेमो मिळाला. सबनीस सरांनी छापील अहवालातून केंद्र क्रमांक तीन पूर्ण गाळलं. मी फारसं भांडले नाही. पुढच्याच वर्षी मी संशोधन सोडून कॉलेजात शिकवायला लागले. विद्यार्थी विचारतात, मॅडम, पोटातला ऐवज तपासून माणसाला काय कळतं? मी त्यांना रकाने समजावून सांगते.

तालुक्याच्या दवाखान्यात मी काकांना तिसऱ्या दिवशी संध्याकाळी भेटायला गेले. मला बघून ते रागावतील अशी भीती होती. शपथ मोडली होती मी. पण त्यांनी मला बघितलंच नाही, कारण समोर काकी बसली होती, हातात पेजेची वाटी घेऊन.

तिने एक चमचा भरवला. मग हात थांबवून त्यांच्या गळ्याकडे बघत राहिली.

"गिळलास?"

काकांनी मान हलवली.

"आ कर."

आजूबाजूच्या सगळ्या खाटांवरची माणसं बघत होती. मच्छीमारांचा तो म्हातारा पुढारी, बासष्ट वर्षांचा, नुकताच सरकारला नमवून आलेला, त्याने निमूटपणे तोंड उघडलं. पुरेपूर, पार आतपर्यंत. काकीने वाकून, मान तिरकी करून, डावीउजवीकडे बघितलं. जिभेखालीसुद्धा बघितलं.

मगच दुसरा चमचा भरला.